काटाघराचा स्लॅब : खारपाणपट्ट्यातल्या एका दुरुस्तीच्या नोंदी

दर्यापूर तालुका, पूर्णेचं खोरं. जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, बंद पडून जमाना झाला, पण जिनाच्या आवारातलं काटाघर अजून उभं आहे. कापसाच्या गाड्या तोलायच्या आणि हिशेब लिहायचा, एवढ्यासाठी बांधलेल्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. ३० बाय १६ फूट. वर सपाट सिमेंटचा स्लॅब, खाली पाच बीम, कठड्यावर सिमेंटच्याच उठावात १९३४. सध्या तिथं गावाचं वाचनालय आहे आणि मी त्याचा चिटणीस. नोकरी प्राथमिक शाळेत गेली, बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. भाचा अमरावतीला सिव्हिल इंजिनियर आहे, त्याच्या भरवशावर हे अंगावर घेतलं. आमच्या पट्ट्यात अशी जुनी घरं, शाळा, जिनं पुष्कळ आहेत. आम्ही जिथं आपटलो तिथं दुसऱ्यानं आपटू नये म्हणून वही ठेवली.

१८ जानेवारी

मासिकांच्या टेबलावर छताचा पोपडा पडला. ताटाएवढा, वजन चार किलो. तेव्हा कोणी बसलेलं नव्हतं. वर पाहिलं तर तीन सळया उघड्या, सालपटं सुटलेल्या. दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून याच जागी छपाई करून घेतली होती. पडलं ते तेच, आणि सोबत जुनं काँक्रीटही घेऊन आलं. वाचनालय ओसरीत हलवलं, खोल्यांना कुलूप.

२४ जानेवारी

भाचा आला. दिवसभर बांबूला हातोडी बांधून छत ठोकलं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द वाजेल तिथं खडूनं गोल. संध्याकाळी वर पाहिलं तर निम्म्याहून जास्त छत खडूनं भरलेलं.

माझी समजूत अशी की पाणी गळतं म्हणून सळई गंजते. भाचा म्हणाला, "मामा, गळतीच्या डागाखाली कमी वाजतंय आणि कोरड्या जागी जास्त. असं का, ते आधी पाहू."

२५ जानेवारी

हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून फेनॉल्फ्थॅलिनची बाटली आणली. ताजं काँक्रीट फोडायचं, धूळ फुंकायची, त्यावर शिंपडायचं. गुलाबी झालं तर काँक्रीटमधला चुन्याचा अल्कधर्म शाबूत, म्हणजे सळईला संरक्षण आहे. रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो खाल्लेला.

स्लॅबला दीड इंच खोलपर्यंत रंग नाही. सळई अर्ध्या-पाऊण इंचावर, त्यामुळे तिथं गंज येणारच होता. पण बीममध्ये निराळंच निघालं. बीमची सळई दीड इंच आत, तिच्या भोवतीचं काँक्रीट झकास गुलाबी, आणि तरी सळई गंजलेली. नुसती गंजलेली नाही, जागोजागी खड्डे पडलेली, उंदरानं कुरतडल्यासारखी.

भाच्यानं हात झटकले आणि विचारलं, "मामा, हे बांधलं तेव्हा पाणी कुठलं वापरलं?"

२७ जानेवारी

गावातल्या सगळ्यात वयस्कर काकाजींकडे गेलो. त्यांच्या वडिलांनी या कामावर पाणी भरलं होतं. "जिनाच्याच हिरीचं. मोट लावली होती. महिनाभर वर पाणी कोंडून ठेवलं होतं म्हनत बाबा. ते पानी ढोरं बी पेत नव्हती."

आमच्याकडच्या लोकांना याचा अर्थ सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून जाणारा हा खारपाणपट्टा. भूगर्भातलं पाणी खारट, प्यायला चालत नाही, ओलिताला चालत नाही. आता नळाला शहानूर धरणाचं येतं. १९३४ साली विहीर होती तीच.

भाच्याला मिठाचा संशय होता. मीठ, म्हणजे त्यातलं क्लोराइड, आत असलं की काँक्रीट गुलाबी असूनही सळईला खड्डे पाडतं. प्रयोगशाळेतून आणखी एक बाटली आणली, सिल्व्हर नायट्रेटची. क्लोराइड असेल तर पाणी पांढरं होतं. विहीर अजून आहे. परीक्षानळीत तिचं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. दुधासारखं पांढरं. नळाच्या पाण्यात जेमतेम धुकं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काहीच नाही. (हातमोजे घाला. माझी बोटं आठ दिवस काळी होती, नातीनं जेवताना हात धरू दिला नाही.)

९ फेब्रुवारी

अमरावतीच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. सहा जागी ड्रिल करून वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी दिली होती, खर्च ९,००० रुपये. विहिरीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २,६०० मिलिग्रॅम. सळईच्या काँक्रीटसाठी आय.एस. ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, पाण्याची मर्यादा ५०० आहे. काँक्रीटमध्ये घनमीटरला ०.९ किलो, तिथली मर्यादा ०.६.

भाच्यानं पाठीमागच्या कागदावर हिशेब मांडला. घनमीटरला २२० लिटर पाणी धरलं तर कालवतानाच ५७२ ग्रॅम क्लोराइड आत गेलं. उरलेलं न धुतलेल्या रेतीतून आणि महिनाभर कोंडलेल्या पाण्यातून. आणखी एक खूण त्यानं दाखवली. वरच्या थरापासून आतपर्यंत आकडा जवळपास सारखाच आहे. मीठ बाहेरून शिरलं असतं तर पृष्ठभागावर जास्त आणि आत कमी कमी होत गेलं असतं. आमचं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

बांधणाऱ्यांना दोष देववत नाही. आय.एस. ४५६ पहिल्यांदा निघालं १९५३ साली. एसीसी ही सिमेंट कंपनी झाली १९३६ ला, म्हणजे हे सिमेंट तिच्याही आधीचं. काँक्रीट फोडताना छन्नी उडते इतकं घट्ट भरलंय. माणसांनी काम चोख केलं, पाणी खारट निघालं.

आता प्रश्न राहिला पाडायचं की ठेवायचं. आतलं मीठ सहजासहजी काढता येत नाही. भाच्यानं समितीला स्पष्ट सांगितलं, हे बरं होणार नाही, वीसेक वर्षं लांबवता येईल. समितीत दीड तास वाद झाला. पत्रे टाका म्हणणारे चार, ठेवा म्हणणारे पाच. ठेवायचं ठरलं.

२ मार्च

टेके लावले. लोखंडी टेके ३४, भाडं नगाला दिवसाला ५ रुपये. स्लॅबवरचं ओझं आधी उतरवायचं होतं, पण टेके लावल्याशिवाय वर माणसं चढवायची नाहीत.

१७ मार्च

अवकाळी. रात्रभर पाऊस. सकाळी पाहतो तर ओसरीच्या पुढचे सहा टेके काळ्या मातीत दोन-दोन इंच खचलेले आणि कडेच्या बीमची चीर नख जाईल एवढी रुंद झालेली. आतले टेके शहाबादी फरशीवर होते, त्यांना काही झालं नाही. बाहेरच्यांच्या खाली फक्त विटा ठेवल्या होत्या. काळी माती भिजली की लोणी होते हे जन्मभर वावरात पाहिलं, आणि इथंच विसरलो. मुरूम भरला, त्यावर बाभळीचे जाड पाटे आडवे टाकून टेके पुन्हा कसले. चार दिवस गेले.

२३ मार्च

गच्चीवरचं ओझं. कधीतरी कोणीतरी गळती थांबवायला जुन्या कोब्यावर तीन इंच सिमेंटचा कोबा चढवला होता. ४८० चौरस फुटांवर तीन इंच म्हणजे सहा टनांच्या वर. गळती थांबली नव्हतीच. तो हातानं काढला, पाच दिवस लागले. खालचा मूळ चुन्याचा कोबा पाहून मिस्त्री मांडी घालूनच बसला. दोन कोपरे सोडले तर सगळा शाबूत. गळत होतं ते पन्हाळीच्या तोंडाशी, तिथं नव्या कोब्यानं उतार उलटा केला होता.

२९ मार्च

ब्रेकर मशीन भाड्यानं आणली, १,२०० रुपये रोज. छन्नीनं महिना लागेल असं वाटलं म्हणून. दुपारी बारापर्यंत काम झपाट्यानं झालं. सव्वाबाराला मागच्या खोलीत आभाळ दिसलं. साडेचार इंचाचा स्लॅब, मशीननं आरपार भोक पाडलं, थाळीएवढं. शेजारचं चांगलं काँक्रीटही हादरलं. काल खणखणीत वाजत होतं तिथं आज बद्द. मशीन त्याच संध्याकाळी परत. छन्नी, दोन किलोचा हातोडा, चार माणसं. वेळ लागायचा तेवढा लागेल.

८ एप्रिल

किती खोल फोडायचं यावरून मिस्त्रीशी रोज खटका. त्याचं म्हणणं, सळईचं तोंड दिसलं की पुरे.

"गुरुजी, एवढं खोल कायले टोकरता? उभं हाय ते बी पाडसान."

भाच्याचा नियम, सळईच्या मागं बोट फिरलं पाहिजे. वीस-पंचवीस मिलिमीटर. मागं जुनं खारट काँक्रीट राहिलं तर सळई मागून गंजत राहते आणि नवा थर ढकलते. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्याच्या फुगण्यानंच पोपडे पडतात. शेवटी मिस्त्रीला दोन वर्षांपूर्वीच्या छपाईचा तुकडा दाखवला. आतल्या बाजूला सळईचा लाल ठसा उमटलेला होता, लांबीभर. तो बराच वेळ हातात फिरवत राहिला. नंतर वाद झाला नाही.

१५ एप्रिल

सळया तारेच्या ब्रशनं घासून व्हर्नियरनं मोजल्या. गुळगुळीत गोल गज, टोकांना हूक, आजच्यासारखे आट्यांचे नाहीत. बीमच्या पाच सुती सळया, म्हणजे मूळ १५.९ मिलिमीटर. सगळ्यात वाईट जागी १३ उरल्यात. क्षेत्रफळात एक तृतीयांश गेली. अशा सात जागी नवी १२ मिलिमीटरची सळई जोड द्यायची.

वेल्डिंगवाला तयार होता, स्वस्तातही पडलं असतं. भाच्यानं हात जोडले. नव्वद वर्षांपूर्वीचं लोखंड, त्यात कार्बन किती ते कोणाला ठाऊक, आणि तापलं की आजूबाजूच्या काँक्रीटची पकड सुटते. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट चांगल्या सळईला चिकटून बांधली, जिथं तेवढी लांबी मिळाली नाही तिथं भोक पाडून केमिकलनं रोवली.

२२ एप्रिल

जस्ताचे अॅनोड आले. ४६ नग, ८५० प्रमाणे ३९,१०० रुपये. समितीत सगळ्यात जास्त बोलणी यावरच खाल्ली. साबणाच्या वडीएवढी गोष्ट, तिला हे पैसे?

कारण असं. नवा मसाला भरला की त्यातली सळई सुरक्षित होते, पण तिला जोडून असलेली जुन्या खारट काँक्रीटमधली सळई उलट जोरानं गंजू लागते. ठिगळाच्या कडेनंच वर्ष-दोन वर्षांत नवा पोपडा. जस्त सळईला तारेनं बांधलं की सळईऐवजी ते झिजतं.

दुकानदारानं सोबत सळईला लावायचं इपॉक्सी गळ्यात मारलं होतं. ते परत केलं. तार बांधायची तिथं सळई लखलखीत पाहिजे, मध्ये रंग आला तर वीज जाणार कशी? प्रत्येक जोड मल्टिमीटरनं तपासला. नऊ ठिकाणी जुन्या सळया एकमेकींना टेकलेल्याच नव्हत्या, त्यांना तारेनं जोडून घेतलं. दुसरी गोष्ट, अॅनोडच्या भोवती लॅटेक्सचा, म्हणजे कृत्रिम रबराचं दूध मिसळलेला मसाला भरायचा नाही, तो विजेला अडवतो. तिथं साधा सिमेंट-रेतीचा मसाला, जुन्या काँक्रीटला भिडवून.

६ मे

भरायला सुरुवात. एसबीआर लॅटेक्स, सिमेंट, आणि कन्हान नदीची धुतलेली रेती. पूर्णेची रेती दारात मिळत होती, घेतली नाही. पाणी टँकरनं, नळयोजनेच्या टाकीवरून भरून, पाच हजार लिटरला १,१०० रुपये.

९ मे

आजची नोंद लिहिताना हात जड झालाय.

तीन दिवसांत दोन बीम भरून झाले. आज सकाळी सहज ड्रमातलं भांडंभर पाणी घेतलं आणि उगाच एक थेंब टाकला. पांढरं. पुन्हा धुऊन घेतलं, पुन्हा पांढरं. मिस्त्री खांद्यावरून पाहत होता.

"हे तं दुधावानी झालं ना बाप्पा!"

टँकरवाल्याला विचारलं. टाकीवर रांग होती म्हणून वाटेतल्या एका बोअरवरून भरून आणलं, तेही तिन्ही दिवस. "पानी तं पानीच असते ना जी." त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी तपासायची बाटली माझ्या कपाटात होती, आणि तीन महिने मी लोकांना खाऱ्या पाण्याची कथा सांगत हिंडत होतो.

भाच्याला फोन केला. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काढा मामा."

१२ मे

काढलं. ओला मसाला काढणं सोपं असेल असं वाटलं होतं. लॅटेक्सचा मसाला तीन दिवसांत जुन्या काँक्रीटपेक्षा चिवट होतो. मजुरी, लॅटेक्स, रेती धरून १७,४०० रुपये पाण्यात. त्या दिवसापासून नियम केला की टँकर आला की आधी परीक्षानळी, मग नळी. मिस्त्रीची रेजाबाई आता माझ्यापेक्षा चांगली तपासणी करते. थेंब टाकून उजेडाकडे धरते आणि नुसती मान हलवते.

१९ मे

पारा ४५ वर. दुपारचा भरलेला भाग संध्याकाळी कोळ्याच्या जाळ्यासारखा फाटला. आता पहाटे साडेपाच ते साडेनऊ एवढंच काम, उन्हाच्या बाजूला ओलं बारदान टांगून. बारदान तुरीचं किंवा सोयाबीनचं घ्या, आधी धुवा. खताची पोती नकोत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच.

तराईची सवय मोडायला मिस्त्रीला जड गेलं. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारतो, लॅटेक्सच्या मसाल्याला पहिले दोन दिवस ओलं ठेवून मग सुकू द्यायचं असतं. तिसऱ्या दिवशीही तो चोरून पाणी मारताना सापडला.

२७ मे

हे करायलाच पाहिजे होतं असं नाही, पण केलं. जुन्या छताला सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत. लाकडाची रेघ, गाठी, दोन फळ्यांमधली उमटलेली कड, सगळं नव्वद वर्षं तसंच. आमची ठिगळं तिथं गुळगुळीत टक्कल दिसत होती. एका पडक्या वाड्यातली जुनी फळी आणली, तारेच्या ब्रशनं घासून तिची रेघ उठवली आणि शेवटचा थर ओला असताना दाबली. पहिल्यांदा फळीसोबत मसालाच खाली आला. डिझेल लावून पाहिलं तर काळे डाग. मग घरातलं सरकीचं तेल फडक्यानं पुसून लावलं, फळी अर्धा तास दाबून ठेवली आणि एका टोकापासून हळूच सोडवली. रेघ उमटली. एका ठिगळावर तर गाठही आली. भाचा म्हणाला, फक्त वरच्या थरालाच करा, आतल्या थराला तेल लागलं तर पुढचा थर धरणार नाही.

४ जून

टेके उतरवले, मधल्यापासून कडेकडे, एकेक. ९५ दिवसांचं भाडं १६,१५०. अवकाळी, ब्रेकर आणि टँकर झाला नसता तर ६५ दिवसांत सुटलो असतो.

गच्चीवर चुन्याच्या कोब्याचे दोन कोपरे नव्यानं केले. विटांचे तुकडे, चुना, सुर्खी, गूळ-मेथीचं पाणी. पन्हाळीकडे उतार नीट दिला. थापीनं ठोकायला चार बायका, तीन दिवस. ब्रेकरनं पाडलेलं भोक बंद केलं, पण खालून पाहिलं की त्याचा गोल अजून ओळखू येतो.

१० जून, खर्च

मजुरी १,४२,०००. सळई, सिमेंट, रेती, केमिकल वगैरे ४१,०००. अॅनोड ३९,१००. लॅटेक्स १२० किलो, ३२,४००. गच्ची २२,०००. टेके १६,१५०. टँकर नऊ, ९,९००. प्रयोगशाळा ९,०००. ब्रेकर १,२००. एकूण ३,१२,७५०. टँकरच्या चुकीचे १७,४०० यातच आले.

वर्गणी जमली २,९५,०००. तूट १७,७५०. म्हणजे ती चूक झाली नसती तर साडेतीनशे रुपयांनी चुकलो असतो. हा हिशेब मी समितीत मांडला नाही, पण दोघांनी बरोबर ओळखला.

२१ जुलै

तीन दिवसांची झड. खोल्या कोरड्या. ओसरीच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल. वर जाऊन पाहिलं तर पन्हाळीत लिंबाचा पाला अडकलेला. काढला.

१४ ऑगस्ट

हातोडी घेऊन सगळं छत पुन्हा ठोकलं. भरलेलं सगळं खणखणीत. आम्ही हात न लावलेल्या जागी दोन ठिकाणी बद्द, मागच्या खोलीत खिडकीच्या वर आणि तिसऱ्या बीमच्या टोकाशी. जानेवारीत दोन्ही चांगल्या वाजत होत्या, वहीत तसं लिहिलेलं आहे. तिसऱ्या बीमच्या जवळ अॅनोड आहे, खिडकीच्या वर नाही. खडूनं गोल केला, आत तारीख घातली.

मागचा छज्जा पैशांअभावी तसाच राहिलाय. त्याच्या खालून ये-जा बंद करायला बोरीची काटेरी कुंपणं लावली. अॅनोडचे चार नग शिल्लक आहेत, पेपरच्या गठ्ठ्यात गुंडाळून कपाटात, सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीशेजारी. बाटली हायस्कूलला परत करायची आहे, दोनदा निरोप आला.